मधुमेह आणि हृदय: साखर किती खाली आणावी, कधी आणावी आणि तिच्यासोबत काय पाहावे

मधुमेहाचे निदान झाले की पहिले काही महिने घरातले सगळे बोलणे साखरेभोवती फिरते. उपाशीपोटी किती आली, जेवणानंतर किती आली, भात सोडला का, चहा बिनसाखरेचा घेता का, अशा चौकश्या नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे करतात. मधुमेही माणसाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका असतो तो मात्र हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा. मधुमेह नसलेल्या माणसाच्या तुलनेत हा धोका साधारण दुप्पट असतो. साखर आटोक्यात ठेवली की हृदयही आपोआप सांभाळले जाते, असे गणित बहुतेकजण मांडतात. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे कोणी नीट समजावून सांगत नाही.

माझ्या घरात मधुमेहाच्या दोन फायली आहेत, एक वडिलांची आणि एक माझी. वडिलांना मधुमेहानंतर काही वर्षांनी स्टेंट बसवावा लागला, त्यामुळे साखर आणि हृदय यांचा संबंध मला आधी त्यांच्या फायलीतून आणि नंतर स्वतःच्या फायलीतून समजून घ्यावा लागला. नव्याने निदान झालेल्यांना आणि त्यांची औषधे, तपासण्या सांभाळणाऱ्या घरच्या माणसांना ही खटपट थोडी सोपी व्हावी म्हणून हा लेख लिहीत आहे. यातली माहिती मुख्यतः टाइप २ मधुमेहाची आहे. औषध सुरू करणे, बंद करणे किंवा त्याची मात्रा बदलणे हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करायचे आहे. त्या बोलण्यासाठी तुमची तयारी व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. आधी फाईल लावा

डॉक्टरांकडे मिळणारा वेळ थोडा असतो आणि त्यातला बराचसा जुना रिपोर्ट शोधण्यात जातो. म्हणून पुढील कागद तारखेच्या क्रमाने एका फायलीत लावा आणि प्रत्येकाचा फोटो मोबाईलमध्येही ठेवा.

- एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी), उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर यांचे आजवरचे सगळे रिपोर्ट
- लिपिड प्रोफाइल, म्हणजे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी)
- मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे क्रिएटिनिन, आणि लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) व क्रिएटिनिन यांचे प्रमाण
- हिमोग्लोबिनसह साधी रक्ततपासणी
- डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचा रिपोर्ट
- जुना इसीजी, आणि झाला असल्यास टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट
- चालू औषधांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी हरवली असेल तर गोळ्यांची पाकिटे
- घरी मोजलेल्या साखरेची व बीपीची वही
- आधार कार्ड आणि शिधापत्रिका

यांतल्या दोन कागदांबद्दल थोडे अधिक सांगते. जुना इसीजी लोक टाकून देतात, पण छातीत दुखते म्हणून माणूस रात्री दवाखान्यात पोहोचतो तेव्हा आत्ताच्या इसीजीत दिसणारा बदल नवा आहे की आधीपासूनचा, हे ठरवायला तोच जुना कागद उपयोगी पडतो. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी तर अनेकदा लिहूनच दिली जात नाही, म्हणून ती स्वतःहून विचारा. हे प्रमाण ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर सतत येत असेल, तर मूत्रपिंडासोबत हृदयाचाही धोका वाढलेला आहे असे समजले जाते.

आधार कार्ड आणि शिधापत्रिका वैद्यकीय कागद नव्हेत, पण महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी किंवा बायपास करण्याची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागितले जातात. शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल, तर ती दुरुस्ती निवांत दिवसांतच करून घ्या.

२. एचबीएवनसी वाचायला शिका

बोटातून काढलेल्या थेंबाची साखर त्या क्षणापुरती असते. एचबीएवनसी साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि हृदयाच्या धोक्याचा विचार करताना डॉक्टर प्रामुख्याने हाच आकडा पाहतात. ६ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १२६, ७ टक्के म्हणजे १५४, ८ टक्के म्हणजे १८३ आणि ९ टक्के म्हणजे २१२, असे ढोबळ कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. साखर स्थिर होईपर्यंत ही तपासणी दर तीन महिन्यांनी आणि स्थिर झाल्यावर वर्षातून किमान दोनदा करायची असते. दर महिन्याला करण्यात पैसे जातात, वेगळे काही कळत नाही.

या आकड्याला काही खोडी आहेत. शरीरात लोह कमी असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि आपल्याकडे स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता किती सर्रास आढळते हे वेगळे सांगायला नको. उलट बाजूने, नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवले असेल किंवा लाल पेशी लवकर फुटत असतील, तर तो खोटा कमी दिसतो. माझ्या पहिल्या रिपोर्टात एचबीएवनसी आणि घरची वही यांचा मेळ बसत नव्हता. हिमोग्लोबिन तपासल्यावर कारण सापडले, पण ती तपासणी मला मागून घ्यावी लागली. रिपोर्ट आणि वही यांत मोठी तफावत असेल तर औषध वाढवण्याआधी ‘हिमोग्लोबिन पाहायचे का?’ एवढा प्रश्न जरूर विचारा.

दुसरी खोड अशी की सरासरी ही सरासरीच असते. एकाची साखर दिवसभर १५० च्या आसपास राहते, दुसऱ्याची पहाटे ५५ आणि जेवणानंतर २६० होते, तरी दोघांचा एचबीएवनसी ७ च्या जवळपास येऊ शकतो. म्हणून रिपोर्टसोबत वहीही न्यायची. वहीत फक्त उपाशीपोटीची साखर नको. आठवड्यातून दोन-तीन वेळा जेवणानंतर दोन तासांची नोंदही हवी.

ग्लुकोमीटर वापरताना हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा किंवा संत्रे सोलून तसेच बोट टोचले तर त्वचेवरच्या रसातली साखरही थेंबात मिसळते आणि यंत्र ९० किंवा १०० ने जास्त आकडा दाखवू शकते. पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले तर पावसाळ्यात त्या दमट होतात आणि मग कोणत्याच आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

३. साखर उतरल्याने हृदयाला नेमका किती फायदा होतो, ते समजून घ्या

रक्तात साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते, तेथे दाह सुरू होतो, कोलेस्टेरॉल लवकर साचते आणि रक्त गोठण्याकडे झुकते. डोळा आणि मूत्रपिंड यांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे नुकसान बहुतांशी साखरच करते. हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांचे तसे नसते. तेथे एलडीएल, रक्तदाब, तंबाखू आणि वय यांचा वाटा मोठा असतो, आणि बिघाडाची सुरुवात पुष्कळदा मधुमेहाचे निदान होण्याआधीच झालेली असते. साखर आटोक्यात आल्यावर डोळ्यांना होणारा फायदा लवकर आणि स्पष्ट दिसतो, हृदयाचा फायदा मात्र उशिरा व कमी दिसतो, त्याचे कारण हेच आहे.

ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या अभ्यासात नव्याने निदान झालेले ५,१०२ रुग्ण घेतले होते. काहींची साखर काटेकोरपणे उतरवली, काहींवर त्या काळचे नेहमीचे उपचार केले. १९९८ साली निकाल आले तेव्हा पहिल्या गटाचा एचबीएवनसी ७.० आणि दुसऱ्याचा ७.९ होता. डोळे, मूत्रपिंड यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार पहिल्या गटात २५ टक्क्यांनी कमी होते. हृदयविकाराचे झटके १६ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगाचा नाही असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे म्हणता येत नव्हते. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर लवकरच सारखी झाली, कारण उपचार सारखेच झाले. तरीही दहा वर्षांनी, २००८ साली, पुन्हा मोजदाद केली तेव्हा सुरुवातीला काटेकोर उपचार मिळालेल्यांमध्ये झटके १५ टक्क्यांनी आणि मृत्यू १३ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले, आणि या वेळी तो फरक कसोटीला उतरला. वजन जास्त असलेल्या ज्या रुग्णांना सुरुवातीला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दिली होती, त्यांच्यात झटके ३३ टक्क्यांनी कमी होते.

म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत साखर चांगली ठेवल्याची पुण्याई पुढे बरीच वर्षे पुरते. नव्याने निदान झालेल्या वाचकाने या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. ‘आत्ता काही त्रास नाही, दोन-चार वर्षांनी बघू’ असे म्हणणारा माणूस नेमकी तीच वर्षे घालवतो, ज्यांचा फायदा सर्वांत जास्त असतो.

हाच नियम रक्तदाबाला लागू पडत नाही. त्याच अभ्यासाच्या रक्तदाबाच्या भागात बीपी काटेकोर ठेवलेल्यांमध्ये पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाला होता, पण अभ्यासानंतर दोन्ही गटांतला बीपीचा फरक मिटला तसा तो फायदाही मावळला. बीपीची गोळी आज घेतली तर आजचे रक्षण होते, मागची शिल्लक कामी येत नाही.

४. तुमचे लक्ष्य किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या

साखर उतरवणे चांगले असेल तर जितकी खाली तितके बरे, असे वाटणे साहजिक आहे. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या अकॉर्ड या अभ्यासाने हे गणित मोडले. त्यात १०,२५१ रुग्ण होते, सरासरी वय ६२, मधुमेह सुमारे दहा वर्षे जुना, आणि तिघांपैकी एकाला आधी हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेला. निम्म्या रुग्णांचा एचबीएवनसी ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला गेला. त्या गटात मृत्यू वाढल्याचे दिसल्यावर, म्हणजे २०३ च्या तुलनेत २५७ झाल्यावर, फेब्रुवारी २००८ मध्ये त्या गटातले काटेकोर उपचार थांबवावे लागले. दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता येणार नाही इतकी साखर उतरण्याचे प्रसंगही त्याच गटात कितीतरी जास्त होते. त्याच वर्षी आलेल्या ॲडव्हान्स या अभ्यासात ११,१४० रुग्णांमध्ये एचबीएवनसी ६.५ पर्यंत आणला गेला. तेथे मृत्यू वाढले नाहीत, मूत्रपिंडांना फायदा झाला, पण हृदयाच्या बाबतीत ठळक फरक पडला नाही.

त्यामुळे एकच आकडा सर्वांना लागू होत नाही. तरुण किंवा मध्यमवयीन, नुकतेच निदान झालेला, हृदयविकार नसलेला माणूस साधारण ७ च्या खाली आणि सहज जमत असेल तर ६.५ च्या आसपास राहू शकतो. पंचाहत्तरीच्या, स्टेंट बसवलेल्या, इन्शुलिन घेणाऱ्या आणि घरी एकट्या राहणाऱ्या आजींसाठी ७.५ किंवा ८ हेही योग्य लक्ष्य असू शकते. माझे आणि वडिलांचे लक्ष्य वेगळे आहे, आणि एकाच जेवणाच्या टेबलावर दोन वेगळी लक्ष्ये असणे सुरुवातीला विचित्र वाटते, पण तेच बरोबर आहे. डॉक्टरांना थेट विचारा, ‘माझा एचबीएवनसी किती असावा, आणि त्याहून किती खाली गेलेला चालणार नाही?’ उत्तर फायलीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा.

खूप वाढलेली साखर चार-सहा आठवड्यांत झपाट्याने खाली आणण्याची घाईही नको. डोळ्यांच्या पडद्यावर आधीच बिघाड असेल तर तो अशा वेळी काही काळ वाढू शकतो, म्हणून उपचार जोरात सुरू होण्याआधी पडद्याची तपासणी करून घ्यावी.

५. साखर कमी होणेही हृदयाला महागात पडते

साखर ७० च्या खाली गेली की शरीर धोक्याची घंटा म्हणून ॲड्रेनॅलिन सोडते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते, एकदम भूक लागते आणि बोलण्यात गोंधळ होतो. ज्याचे हृदय आधीच दुखावलेले आहे, त्याच्यात या ॲड्रेनॅलिनच्या लाटेने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्शुलिन यांनी साखर अशी उतरू शकते. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा उतरत नाही. आपल्या चिठ्ठीतली कोणती गोळी कोणत्या प्रकारात बसते, हे औषधविक्रेत्यालाही विचारता येते.

अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच घ्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे, आणि अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा घ्यायचे. मग पोळी, भाकरी किंवा दूध असे काहीतरी पोटात जायला हवे. पेढा, चॉकलेट किंवा आइस्क्रीम देऊ नका, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका आणि सरळ रुग्णवाहिका बोलवा.

हृदयविकारासाठी बीटा ब्लॉकर प्रकारची (हृदयाचे ठोके मंदावणारी) गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही, केवळ घाम येतो. वडिलांच्या बाबतीत आम्हाला हे ठाऊक असल्यामुळेच पहाटे उशी ओली झालेली दिसली की आधी बोट टोचले जाते.

उपासाच्या दिवशी हा धोका दोन्ही बाजूंनी येतो. एकादशी आणि दुप्पट खाशी या म्हणीप्रमाणे साबुदाण्याची खिचडी, वरी, बटाटा आणि रताळे यांनी दुपारी साखर चढते; आणि निर्जळी किंवा कडक उपास करून नेहमीची गोळी घेतली तर ती धाडकन उतरते. उपास करायचाच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून त्या दिवसाच्या औषधांची मात्रा ठरवून घ्या.

६. बीपी, एलडीएल आणि तंबाखू यांना साखरेइतकेच महत्त्व द्या

डेन्मार्कमध्ये स्टेनो-२ नावाचा एक छोटा अभ्यास झाला. त्यात लघवीत अल्ब्युमिन जाणारे टाइप २ मधुमेहाचे अवघे १६० रुग्ण होते. निम्म्यांना साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि तंबाखू सोडणे असे सगळे एकत्र उपचार जवळपास आठ वर्षे दिले गेले. त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना साधारण निम्म्या झाल्या, आणि एकवीस वर्षांनी पाहिले तेव्हा त्या गटाचे आयुष्य दुसऱ्या गटापेक्षा सुमारे आठ वर्षांनी जास्त होते. इतका मोठा फायदा केवळ साखर उतरवण्याच्या कोणत्याही अभ्यासात दिसलेला नाही. फायलीत एचबीएवनसीचा तक्ता करता तसाच बीपी आणि एलडीएलचाही करा, असे मी आग्रहाने सांगते ते यामुळेच.

बीपीचे लक्ष्य बहुतेक मधुमेहींसाठी १३०/८० च्या खाली असते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू आणि व्यायाम नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा, पट्टा हृदयाच्या पातळीवर घ्या आणि मोजताना बोलू नका. उठल्यावर चक्कर येत असेल तर उभे राहूनही मोजा, कारण जुन्या मधुमेहात उभे राहिल्यावर बीपी उतरू शकते.

एलडीएलबाबत लोक फसतात ते रिपोर्टवर छापलेल्या ‘नॉर्मल’ मर्यादेमुळे. ती मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी असते. मधुमेहासोबत इतर धोके असतील तर एलडीएल ७० च्या खाली, आणि हृदयविकार आधीच झालेला असेल तर ५५ च्या खाली असावे, असे आजचे मार्गदर्शन आहे. रिपोर्टवर ११० च्या समोर लाल खूण नाही म्हणून निर्धास्त राहू नका. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कार्ड्स या अभ्यासात हृदयविकार नसलेल्या २,८३८ मधुमेहींमध्ये रोज १० मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन प्रकारच्या गोळीने, हृदय व रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते हे खरे आहे, आणि त्यामुळे ती बंद करावी असे सांगणारे निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर सतत फिरत असतात, पण होणारा फायदा त्या किंचित वाढीपेक्षा खूप मोठा आहे. स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा, गोळी किंवा मात्रा बदलता येते.

तंबाखूत सिगारेट आणि बिडीइतकीच मशेरी, गुटखा आणि चुन्यासोबत मळलेली तंबाखूही मोजायची. घरातल्या ज्येष्ठ बायका मशेरीला व्यसन समजत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत, त्यामुळे ती फायलीत कुठेच येत नाही.

ॲस्पिरिन ‘रक्त पातळ करते’ म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका. २०१८ च्या असेंड अभ्यासात हृदयविकार नसलेल्या मधुमेहींमध्ये तिने गंभीर घटना १२ टक्क्यांनी कमी केल्या आणि मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढवले. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी ती मनाने बंद करू नये.

७. गोळी फक्त साखर उतरवते की हृदयही सांभाळते, हे विचारा

रोसिग्लिटाझोन या औषधाने साखर छान उतरत असे, पण हृदयविकाराचा धोका वाढतो अशी शंका २००७ साली पुढे आली आणि २०१० मध्ये भारतात त्यावर बंदी आली. त्यानंतर मधुमेहाच्या नव्या औषधांची हृदयाच्या दृष्टीने स्वतंत्र चाचणी होऊ लागली, आणि त्यातून अनपेक्षित चांगले निकालही हाती आले. २०१५ साली हृदयविकार असलेल्या सात हजारांवर मधुमेहींमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हृदय कमजोर पडल्याने दवाखान्यात भरती होणे ३५ टक्क्यांनी कमी केले. ही गोळी मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांतल्या साखरेत फरक थोडाच होता, म्हणजे हा फायदा साखर उतरल्यामुळे नव्हता. पुढच्या वर्षी लिराग्लुटाइड या इंजेक्शननेही मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्या.

म्हणून हृदयविकार, हृदयाची कमजोरी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारा, ‘मला या प्रकारचे औषध योग्य आहे का?’ पूर्वी किमतीमुळे हा प्रश्न तिथेच संपत असे. एम्पाग्लिफ्लोझिनच्याच प्रकारातले डापाग्लिफ्लोझिन आधीच स्वस्त झाले होते, आणि मार्च २०२५ मध्ये भारतात एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांनी ते बनवायला घेतले व किंमत बरीच खाली आली. जनऔषधी केंद्रातही चौकशी करा.

एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे जननमार्गात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. स्वच्छता ठेवा आणि खाज सुटली तर संकोच न करता सांगा. जुलाब, उलट्या, कडक उपास किंवा शस्त्रक्रिया यांच्या काळात त्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. शस्त्रक्रियेआधी साधारण तीन दिवस थांबवतात, आणि ही आठवण दंतवैद्य किंवा शल्यविशारद यांना तुम्हीच करून द्यावी लागते.

८. वजनकाट्यासोबत टेपही वापरा

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी. आपल्याकडे काटकुळ्या दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह आणि हृदयविकार का होतो, याचे उत्तर त्या दोन आकड्यांत बरेचसे आहे. म्हणून बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबर मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की पोटावरची चरबी जास्त आहे असे समजावे. गोव्यातल्या वाचकांनी तर तपासणीही लवकर सुरू करावी, कारण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, तेथेच आढळले.

आहाराबद्दल इतके लिहिले जाते की मी थोडक्यात सांगते. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार भाकऱ्यांची साखर चार भाकऱ्यांइतकीच होते. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे, पाव ताट डाळ, उसळ, अंडे किंवा मासे यांचे आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात, एवढे पाळले तर पुरते. लोणचे, पापड आणि सुके मासे यांतले मीठ बीपीच्या खात्यात जमा होते. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चाला आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा. चालताना छाती भरून येत असेल किंवा दम लागत असेल, तर आधी तपासणी आणि मग व्यायाम.

९. हृदयाच्या तपासण्या कधी, आणि लक्षणे कोणती

‘संपूर्ण हृदय तपासणी’च्या पॅकेजमध्ये स्ट्रेस टेस्टपासून सीटी अँजिओग्राफीपर्यंत सगळे असते, आणि मधुमेही माणूस भीतीपोटी ते घेतो. कोणतेही लक्षण नसलेल्या ११२३ मधुमेहींचा डायड हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाची विशेष तपासणी केलेल्या आणि न केलेल्या गटांत झटक्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. लक्षण नसेल तर तो पैसा औषधे नियमित घेण्यावर खर्च करावा, असे माझे मत आहे. उलट लक्षण असेल तर साधा इसीजी नॉर्मल आला म्हणून थांबू नका, कारण स्वस्थ बसलेल्या माणसाचा इसीजी अडथळा असूनही नॉर्मल येऊ शकतो.

मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील तर झटक्यात छातीत दुखेलच असे नाही. नेहमीचा जिना चढताना नव्याने लागणारा दम, अकारण घाम, जबड्यात, खांद्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, मळमळ, किंवा एकाएकी आलेला टोकाचा थकवा ही लक्षणे मधुमेहींमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, ॲसिडिटी समजून सोडून दिली जातात.

अशी लक्षणे काही मिनिटांत ओसरली नाहीत तर १०८ क्रमांकावर फोन करा. रुग्णाला दुचाकीवर बसवून नेऊ नका आणि चालायलाही लावू नका. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर मोजा, पण त्यासाठी फोन थांबवू नका. फोनवर आणि दवाखान्यात पोहोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की रुग्णाला मधुमेह आहे, त्रास किती वाजता सुरू झाला, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. मोबाईलमधला जुना इसीजी त्याच वेळी दाखवा.